जे पान पुस्तकातच नव्हतं : इंदूरच्या एका वकील-कचेरीतलं प्रकरण

२०२५ च्या रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आमचे मुंशीजी बारच्या ग्रंथालयातून परतले. कानामागे गेरचा (रंगपंचमीच्या मिरवणुकीचा) गुलाबी रंग अजून तसाच होता. लेखी युक्तिवादात आम्ही पाच निवाड्यांचा आधार घेतला होता आणि त्यांच्या झेरॉक्स काढायला त्यांना पाठवलं होतं. हातात तीनच होत्या. चौथ्याबद्दल म्हणाले, "साहेब, एमपीएलजेचा, म्हणजे मध्य प्रदेश लॉ जर्नलचा, तो खंड काढून बघितला. हे पान कुठून आणू? पुस्तकात पानंच इतकी नाहीत."

टायपिंगची चूक असेल म्हणून मी हसलो. संध्याकाळपर्यंत हसू मावळलं होतं.

हे प्रकरण लिहिताना कोणाचंही नाव घातलेलं नाही. घराच्या आणि धंद्याच्या खुणा थोड्या बदलल्या आहेत. कायद्याचा भाग आणि आमच्या चुका मात्र जशाच्या तशा आहेत. मी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं करतो आणि आठवड्यातून एक संध्याकाळ एका विधी महाविद्यालयात ड्राफ्टिंग शिकवतो. या गोष्टीत दोन्हीकडचा मी सापडलो.

पार्श्वभूमी

पक्षकार म्हणजे सगळ्या कचेरीच्या मावशी. वय सत्तरीच्या आसपास, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. रामबागेच्या बाजूला जुनं दुमजली घर आणि खाली रस्त्याकडे तोंड असलेला एक गाळा. त्यात १९८७ पासून भाडेकरू, कटलरीचं दुकान. मावशींचा मुलगा पिथमपूरच्या एका कारखान्यात होता, तिथली नोकरी गेली. त्याला मोटर रिवाइंडिंग येतं. घरच्याच गाळ्यात दुकान टाकू म्हणाला. भाडेकरू हलेना, म्हणून २०१८ मध्ये दावा लावला.

आमच्याकडे याला १९६१ चा मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम लागतो. कलम १२(१)(एफ) प्रमाणे घरमालकाला स्वतःच्या किंवा सज्ञान मुलाच्या धंद्यासाठी जागेची खरी गरज दाखवावी लागते, आणि त्याच शहरात आपल्या ताब्यात दुसरी स्वतःची सोयीची बिगर-निवासी जागा नाही हेही दाखवावं लागतं.

दावे जसे चालतात तसा हाही चालला. पेशीमागून पेशी (सुनावणीच्या तारखा), मग कोविड. पोरगं किती वर्षं घरी बसणार? २०२१ मध्ये त्यानं अन्नपूर्णा रस्त्यावर एक टपरीवजा जागा भाड्यानं घेतली आणि काम सुरू केलं. भाडेकरूच्या वकिलांनी उलटतपासणीत नेमकं हेच पकडलं : धंदा सुरू झाला, मग आता गरज कसली?

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निवाडे एकमेकांसमोर ठेवून वाचावे लागतात. पहिला १९८१ चा, हसमत राय विरुद्ध रघुनाथ प्रसाद. तो आमच्याच अधिनियमाखालचा. दावा चालू असताना घरमालकाच्या ताब्यात शेजारची जागा आली होती. न्यायालय म्हणालं, गरज दावा लावताना असून भागत नाही, शेवटपर्यंत टिकायला हवी. भाडेकरू जिंकला. दुसरा २००१ चा, गयाप्रसाद विरुद्ध प्रदीप श्रीवास्तव. तिथे न्यायालयानं उलट बाजूनं पाहिलं. गरज मोजायची ती अर्जाच्या तारखेला. खटला वर्षानुवर्षं रेंगाळतो यात घरमालकाचा दोष नाही, त्यानं तोवर हातावर हात ठेवून बसावं अशी अपेक्षा करता येत नाही. पण त्यातही एक फट ठेवलेली आहे : नंतरच्या घटनेनं ती गरज पुरती झाकोळून गेली असेल, तर न्यायालय ती घटना बघेल.

आमच्या मुलाची जागा भाड्याची होती, स्वतःची नव्हती. हसमत रायमधून बाहेर पडायला एवढी वाट पुरेशी होती. म्हणजे जो मुद्दा यंत्राच्या मदतीशिवाय सरळ मांडता आला असता, त्यावरच आम्ही पाय घसरून पडलो.

विश्वास कसा बसला

आमची ज्युनिअर तीन वर्षांची एलएलबी करून आलेली. कोविडच्या काळात घरून पेपर लिहिलेली पिढी. हुशार, हिंदी ड्राफ्ट स्वच्छ, मूट कोर्टात (सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्यात) चांगले गुण. तिनं कचेरीत पहिल्यांदा कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन वापरलं ते निवाड्यांसाठी नाही, एका वहीसाठी.

मावशींच्या यजमानांची भाड्याची वही होती. १९८७ ते २००४, निळी शाई, घसटं मराठी अक्षर. इथल्या न्यायालयाचं काम हिंदीत चालतं, त्यामुळे मराठी कागद दाखल करायचा तर हिंदी भाषांतर जोडावं लागतं. पूर्वी अशा वहीला पंधरा दिवस लागले असते. ज्युनिअरनं पानांचे फोटो काढले आणि एका संध्याकाळी मजकूर टाइप होऊन, हिंदीत होऊन समोर आला. मी थक्क झालो, हे कबूल करतो. सर्वोच्च न्यायालयाचं 'सुवास' हे सॉफ्टवेअर २०१९ पासून छापील निवाड्यांची भाषांतरं करतंय हे ठाऊक होतं. पण कुणा गृहस्थाच्या हातची, शाई फुटलेली वही वाचली जाईल असं वाटलं नव्हतं.

मग आम्ही तिघं मूळ वही मध्ये ठेवून बसलो. मी मराठी वाचायचो, ज्युनिअर हिंदी वाचायची आणि मुंशीजी बोट ठेवून ओळी मोजायचे. एका ठिकाणी वहीत होतं, "रु. ५०० तसलमात". यंत्रानं लिहिलं होतं, "५०० रुपये तसल्ली के". मुंशीजी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "तसल्लीनं भाडं फिटत नाही, मॅडम." तसलमात म्हणजे आगाऊ उचल, पुढे हिशेबात वळती करायची रक्कम. ते पाचशे रुपये भाड्याचे की उचलीचे, यावर त्या वर्षीची थकबाकी ठरत होती. शब्द सुधारला. बाकी वही जवळजवळ बरोबर निघाली.

त्यातून आम्ही धडा उलटा घेतला. आम्हाला वाटलं, यंत्र भरवशाचं आहे, एखादा शब्द चुकतं. खरं तर भाषांतर निर्दोष झालं ते मूळ वही मांडीवर होती म्हणून. निवाडे मागितले तेव्हा मांडीवर काहीच नव्हतं.

अडचण

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी लेखी युक्तिवाद देण्याची शेवटची तारीख होती. त्याच्या आदल्या रात्री दहाच्या सुमारास ज्युनिअरनं एका फुकटच्या चॅटबॉटला विचारलं : दावा चालू असताना घरमालकाच्या मुलानं दुसरी जागा भाड्यानं घेतली तरी गरज संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाचे आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे निवाडे दे.

पाच आले. नीट क्रमांक घालून, वर्ष, खंड, पान, आणि दोन-दोन ओळींची अवतरणं. तिनं पुन्हा विचारलं, हे खरे आहेत ना? उत्तर आलं, हो, सर्व प्रमुख डेटाबेसवर उपलब्ध आहेत.

सकाळी न्यायालयाच्या व्हरांड्यात मी तो मसुदा वाचला. भाषा आवडली. गयाप्रसाद माझा वाचलेला निवाडा. त्यातलं अवतरण वाचताना 'असं होतं का हे?' असं क्षणभर मनात आलं. तेवढ्यात आमच्या दुसऱ्या प्रकरणाचा पुकारा झाला. मी सही केली.

गुरुवारी संध्याकाळी कचेरीत बसून पाचही तपासले. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे न्यायालयाच्याच ई-एससीआर या संकेतस्थळावर २०२३ पासून फुकट बघता येतात आणि इंडियन कानून हे संकेतस्थळ तर त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. म्हणजे साधनं नव्हती असं म्हणायची सोय नाही. हिशेब असा निघाला. शिवस्वरूप गुप्ता (१९९९) आणि राघवेंद्र कुमार (२०००) हे दोन्ही खरे आणि आमच्या कामाचे. उच्च न्यायालयाचे म्हणून दिलेले दोन अस्तित्वातच नव्हते. एकाचं पान पुस्तकाबाहेर, दुसऱ्याच्या पानावर मोटार अपघाताच्या भरपाईचा भलताच निवाडा.

या दोघांचं मला तितकं वाईट वाटलं नाही. खोटं नाणं वाजवलं की कळतं. घाम फुटला तो पाचव्यामुळे.

गयाप्रसाद खरा होता. वर्ष, खंड, पान सगळं बरोबर. मुंशीजींनी त्याची झेरॉक्स आणून फाइलला लावलीही होती. पण आमच्या युक्तिवादात अवतरणचिन्हांत जे वाक्य होतं, की दाव्यानंतरच्या घटनांची न्यायालयाने दखल घेऊच नये, ते त्या निवाड्यात कुठेच नव्हतं. मी पहिल्या परिच्छेदापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं. न्यायालयानं जी फट मुद्दाम ठेवली होती, ती यंत्रानं लिंपून टाकली होती, आणि ते लिंपण आमच्या सहीनं न्यायालयाच्या तोंडी गेलं होतं. क्रमांक तपासणारा कोणीही या निवाड्यावर बरोबरची खूण केली असती.

असं का होतं, हे मला नंतर एका इंजिनिअर भाच्यानं समजावलं. हे यंत्र कपाट उघडून पुस्तक काढत नाही. आधीच्या शब्दांनंतर कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, एवढंच ते पुन्हापुन्हा ठरवतं. आमचे संदर्भ तर किती ठरीव : कंसात वर्ष, खंड, नियतकालिकाची अक्षरं, पान. साचा इतका पक्का की त्यात कुठलाही आकडा घातला तरी डोळ्याला खरा दिसतो. "खरं आहे ना?" या प्रश्नालाही ते तसंच उत्तर देतं, पुढे शोभेल असं.

आणखी एक गोष्ट मला उशिरा दिसली. पाचांच्या यादीत हसमत राय नव्हता. आमच्या अधिनियमावरचा, आमच्या विरुद्ध जाणारा, समोरचे वकील हमखास काढणार तो निवाडा गायब. त्यात यंत्राचा दोष नाही. ज्युनिअरनं प्रश्नच असा विचारला होता, की घरमालकाच्या बाजूचे दे. जुन्या पद्धतीत डायजेस्ट (निवाड्यांची विषयवार सूची) चाळताना विरुद्ध निवाडा नको असला तरी बोटाखाली यायचा.

समोरचे पर्याय

पुढची पेशी आठ दिवसांवर होती. समोरच्या वकिलांनी अजून काही बोललेलं नव्हतं.

सर्वात सोपं होतं गप्प बसणं. तोंडी युक्तिवादात त्या तीन निवाड्यांचं नावच काढायचं नाही. मुंशीजींचा कल इकडे होता. त्यांचं म्हणणं, चाळीस वर्षांत लेखी युक्तिवाद शेवटपर्यंत वाचणारे न्यायाधीश त्यांनी बोटावर मोजण्याइतके बघितलेत.

एका ज्येष्ठ स्नेह्यांना फोन केला. ते म्हणाले, "टंकणाची चूक झाली म्हण, सुधारित यादी दे, विषय संपला." हा पर्याय मला रात्रभर छळत राहिला, कारण तो चालला असता. सकाळी मात्र स्पष्ट दिसलं की तसा अर्ज द्यायचा तर शपथपत्रावर द्यावा लागेल. आधीचं खोटं यंत्राचं होतं, माझ्या आळसानं आत गेलेलं. हे दुसरं मी शुद्धीत, स्वतःच्या हातानं लिहिणार होतो.

तिसरा पर्याय ज्युनिअरनं स्वतः आणला. एका कागदावर लिहून आली, की शोध मी केला, चूक माझी आहे. डोळे सुजलेले. मी तो कागद परत दिला. वकालतनामा माझ्या नावाचा, सही माझी. न्यायालयानं तिला ओळखायचं कारणच नाही.

चौथा, सगळं सांगून टाकणं. त्याची भीती काल्पनिक नव्हती. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात माता विरुद्ध एव्हिआन्का प्रकरणात चॅटजीपीटीनं रचलेले निवाडे दिल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड झाला होता. तिथल्या वकिलानंही यंत्रालाच विचारलं होतं, हे खरे आहेत ना. मी ते प्रकरण वर्गात हसत हसत सांगितलेलं. पण त्या निकालपत्रातला खरा मुद्दा मला आता नव्यानं कळला. न्यायाधीशांचा जास्त राग होता तो शंका आल्यावरही वकील आपल्या म्हणण्याला चिकटून राहिले यावर. आणि आपल्याकडे आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू पीठाला डिसेंबर २०२४ चा आपलाच एक आदेश मागे घ्यावा लागला होता, कारण त्यात अस्तित्वात नसलेले निवाडे होते. म्हणजे असला कागद फाइलमधून निकालपत्रात जाऊन बसतो, हे तीनच महिन्यांपूर्वीचं ताजं उदाहरण. मुंशीजींच्या "कोण वाचतंय" या म्हणण्यावर माझं उत्तर हेच होतं : कोणी न वाचता उतरवून घेतलं तर?

काय केलं

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ खाली अर्ज केला, सोबत माझं शपथपत्र. दोन निवाडे मागे घेतले, गयाप्रसादमधलं अवतरण चुकीचं असल्याचं लिहिलं आणि मूळ परिच्छेद पूर्ण उतरवला. हसमत रायची प्रत आम्हीच जोडली.

एका वाक्यावर आम्ही तासभर अडलो. कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख करायचा का? 'संदर्भ पडताळण्यात त्रुटी राहिली' एवढं म्हटलं तरी ते खोटं नव्हतं. शेवटी पूर्ण लिहिलं, की संदर्भ अशा साधनातून मिळाले आणि सही करणाऱ्यानं ते मूळ पुस्तकाशी ताडून पाहिले नाहीत. दुसरा भाग महत्त्वाचा होता. साधनाचं नाव घेऊन स्वतः मागे लपता येतं, तसं व्हायला नको होतं.

अर्जाची प्रत पेशीच्या आदल्या दिवशी समोरच्या वकिलांना नेऊन दिली. बार रूममध्ये त्यांच्यासमोर पोह्यांची बशी होती. त्यांनी दोन्ही पानं वाचली, शेव बोटानं बाजूला सारली आणि म्हणाले, "मी परवाच शोधत होतो हे. मला वाटलं, माझं पुस्तक फाटलंय." म्हणजे गप्प बसण्याचा पर्याय तसाही उरला नव्हता. हे आधी कळलं असतं तर माझ्या प्रामाणिकपणाची किंमत मला स्वतःलाच कमी वाटली असती, म्हणून उशिरा कळलं ते बरं.

स्नेह आपल्या जागी, त्यांनी न्यायालयात जोरदार विरोध केला. त्यांच्या जागी मीही केला असता. न्यायाधीशांनी मला एकच प्रश्न विचारला, "इनमें से आपने स्वयं कौन-सा पढ़ा था?" मी म्हटलं, एक, तोही पूर्वी कधीतरी. आदेश असा झाला : आधीचा लेखी युक्तिवाद विचारात घेतला जाणार नाही, नवा द्यावा, प्रत्येक निवाड्याची पूर्ण प्रत जोडावी, प्रतिवादीला दोन हजार रुपये खर्च द्यावा. तारीख सात आठवड्यांनंतरची पडली. खर्च मी खिशातून दिला. मावशींचे सात आठवडे मात्र मला परत देता आले नाहीत.

मागून निघालेली दुसरी गोष्ट

या सगळ्या धांदलीत मी ज्युनिअरला सहज विचारलं, त्या रात्री यंत्राला नेमकं काय दिलं होतंस? तिनं फोन दाखवला. प्रश्न चांगला समजावा म्हणून तिनं मावशींचं पूर्ण शपथपत्र, मुलाची उलटतपासणी आणि दोन दिरांबरोबरच्या वाटणीपत्राचा मसुदा, जो आम्ही न्यायालयात दिलेलाच नव्हता, असं सगळं चिकटवलं होतं. नाव-पत्त्यांसकट.

खोटा निवाडा मागे घेता येतो. हे नाही. पक्षकारानं वकिलाला सांगितलेलं बाहेर जाऊ नये, हा नियम जुन्या पुरावा कायद्यात कलम १२६ म्हणून होता, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १३२ आहे. कलम बदललं, ओझं तेच. फुकटच्या साधनात टाकलेला मजकूर कुठे साठतो, कशासाठी वापरला जातो, याचा ताबा आपल्याकडे राहत नाही. संभाषण पुसलं आणि खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आपला मजकूर प्रशिक्षणासाठी वापरू नये अशी खूण केली. त्याहून जास्त हातात काही नव्हतं.

मावशींना घरी जाऊन सांगितलं. त्यांना निवाड्यांचं फारसं काही वाटलं नाही, "तुमच्यातलं तुम्ही बघा" म्हणाल्या. वाटणीपत्राचं ऐकल्यावर मात्र हातातली सुपारी खाली ठेवली. "म्हणजे आमच्या घरातली भांडणं आता त्या मशीनला ठाऊक?" मी म्हटलं, असं समजूनच चाला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग ज्युनिअरचं नाव घेऊन म्हणाल्या, "तिला रागावू नका. पण माझा कागद यापुढे तुमच्याच कपाटात असू द्या."

वर्गात

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे मूट कोर्टाच्या पेपरला तीस-तीस गुणांचे तीन भाग असतात आणि दहा गुण तोंडीला. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात बारा आठवड्यांची इंटर्नशिप. यात कुठेतरी विद्यार्थ्यानं एक निवाडा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला पाहिजे, असं गृहीत धरलेलं आहे. ते कोणी तपासत नाही. मीही तपासत नव्हतो. माझ्या वर्गातली पोरं यंत्र येण्याआधीही गाइडमधला सारांश आणि हेडनोटच (निवाड्याच्या वर छापलेला गोषवारा) वाचत होती. आमच्या ज्युनिअरला मूटमध्ये गुण मिळाले ते बोलण्याचे. ज्यांनी दिले त्यांच्यात माझ्यासारखेच लोक होते.

पुढच्या सत्रात मी वर्गाला तीन संदर्भ दिले. एक खरा, एक बनावट आणि एक खरा पण आत घातलेलं वाक्य खोटं. फोन वापरायची पूर्ण मुभा. बनावट संदर्भ पाच मिनिटांत सगळ्यांनी पकडला. उच्च न्यायालयाच्या नव्या निवाड्यांवर आता वर्ष, एमपीएचसी आणि पीठाची अक्षरं असा तटस्थ क्रमांक असतो, इंदूरला आयएनडी. ती खूणही पोरांना पाठ. तिसऱ्यावर मात्र जवळजवळ सगळ्यांनी 'बरोबर' लिहिलं. एका मुलीनंच विचारलं, "सर, हे वाक्य कितव्या परिच्छेदात आहे?"

तेव्हापासून माझ्या वर्गात अवतरण द्यायचं तर परिच्छेद क्रमांक द्यायचा आणि त्याच निवाड्यातलं आपल्याला अडचणीचं एक वाक्यही द्यायचं. पोरं कुरकुरतात. जुलै २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं आपल्या जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं, निष्कर्ष आणि निकाल यांच्यासाठी अशी साधनं वापरायची नाहीत म्हणून. ते मी वर्गात वाचून दाखवलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "न्यायाधीशांना बंदी, मग वकिलांना?" मी म्हटलं, वकिलांना सही आहे.

आज केलं तर काय वेगळं

सही करताना मनात आलेला तो एक प्रश्न मी व्हरांड्यातच सोडवला असता. पाच मिनिटांचं काम होतं. तारीख वाढवून मागता आली असती. बाकीचं सगळं रामायण त्यानंतरचं.

मावशींना आधी सांगायला हवं होतं, न्यायालयात नंतर. मी उलट केलं, कारण न्यायालयाची भीती जास्त होती. दावा त्यांचा, सात आठवडे त्यांचे, आणि त्यांना कळलं आदेश झाल्यावर.

कचेरीत मी आधी रागाच्या भरात सरसकट बंदी घातली. ती तीन आठवडे टिकली. मग लक्षात आलं की ज्युनिअर जिन्यात उभी राहून फोनवर तेच करते. लपून केलेलं काम मला तपासता येत नव्हतं, म्हणून बंदी उठवली. आता भाषांतर, तारखांची सनावळी, लांब उलटतपासणीतले विरोध शोधणं यासाठी पैसे भरून घेतलेलं साधन वापरतो, नावं काढून, अक्षरं घालून. निवाडा शोधायलाही ती वापरते, पण प्रश्न दोनदा विचारायचा, एकदा आपल्या बाजूनं आणि एकदा समोरच्या वकिलाच्या बाजूनं. फाइलमध्ये कागद जातो तो मूळ निवाडा छापून, वाक्याखाली पेन्सिलीची रेघ ओढून, मुंशीजींच्या हातून. मुंशीजींना हा बढतीचा प्रकार वाटतो. पगारही थोडा वाढवावा लागला.

ज्युनिअरला त्या महिन्यात मी एकटं सोडलं, हे मला सर्वात जास्त खटकतं. रात्री दहाला तिच्याशी बोलायला फक्त ते यंत्र होतं. मी वर्गात शिकवत असतो, पण कचेरीत तिच्याबरोबर बसून एक निवाडा मी तोवर कधी वाचला नव्हता.

निकाल

नव्या युक्तिवादात तीनच निवाडे होते आणि चौथा आमच्या विरुद्धचा. हसमत रायमध्ये घरमालकाच्या ताब्यात जागा आली होती, आमच्या मुलानं महिन्याच्या भाड्यानं टपरी घेतली, एवढा फरक आम्ही दोन पानांत मांडला. पावसाळ्यात डिक्री झाली. निकालपत्रात वजन पडलं ते मुख्यतः साक्षींवर, मुलाच्या भाडेपावत्यांवर आणि वहीवर. तसलमातीची नोंदही त्यात आली, योग्य अर्थानं.

भाडेकरूनं जिल्हा न्यायाधीशांसमोर अपील केलं आहे. अपिलाच्या ज्ञापनात सातवा मुद्दा असा आहे की वादीच्या वकिलांनी खालच्या न्यायालयात अस्तित्वात नसलेले निवाडे दाखल केले होते. त्याचं उत्तर ज्युनिअर तयार करतेय. काल मुंशीजी तिच्यासाठी एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) १९८१ चा खंड काखेत मारून आले आणि हसमत रायचं पान १७११ उघडून, मध्ये बसचं तिकीट घालून तिच्या टेबलावर ठेवून गेले.